मागचं दिसू दे

शहरातल्या द्वारका चौकात गाडी अडकली होती तेव्हा सरांच्या घरून काकूंचा फोन आला. “सुधाकर, सर गेले रे... सकाळीच.” मागून हॉर्न वाजत होते. मी “येतो” एवढंच म्हणालो. हाच शब्द मी सरांनाही वर्षानुवर्षं ऐकवत आलो होतो. दीड महिना झाला, तरी तो डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गावित सर आम्हाला भूगोल शिकवायचे. मूळचे पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे. शाळेतल्या फळ्यावर खडू आडवा धरून वरपासून खालपर्यंत एकाच ओढीत ते अँडीज पर्वत काढायचे आणि म्हणायचे, “तिथली माणसंही आपल्यासारखीच डोंगराच्या उतारावर पिकवतात. आमच्याकडं पावसात माती वाहून जाते. त्यांची का जात नाही, ते एकदा बघायचंय मला.” ते मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. गेलो मी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीनं मला पेरूला पाठवलं, आम्ही बनवलेलं यंत्र तिथल्या कारखान्यात बसवून द्यायला. शेवटच्या दोन दिवसांत तिथल्या लोकांनी मला डोंगरातले जुने अवशेष आणि वाटेतली दोन-तीन गावं दाखवली. मी छत्तीस फोटोंचे तीन रोल संपवले. परतल्यावर स्टुडिओवाल्याला बजावलं, “ज्यात माणूस नाही ते छापू नका, उगीच वाया.” आमच्या घरी फोटो म्हणजे माणसाचा. मागे ताजमहाल असो की कारखान्याचं गेट.

अल्बम घेऊन सरांकडे गेलो. तेव्हाच त्यांना काचबिंदू होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते भिंगातून एकेक फोटो पाहत होते. दहा-बारा झाल्यावर म्हणाले, “सुधाकर, तब्येत सुधारली रे तुझी.”

“हो सर.”

“म्हणूनच मागचा डोंगर झाकला गेलाय. जरा बाजूला हो ना गड्या, मागचं दिसू दे.”

काकू खळखळून हसल्या. मीही हसलो. मग सरांनी हळूच विचारलं, “तुझ्याशिवायचा एकही नाही?”

“चार-पाच आहेत सर. छापले नाहीत.”

“मग छाप की. मला त्यांच्या शेताचे बांध बघायचेत.”

निगेटिव्ह माझ्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली होत्या. घरापासून स्टुडिओ दहा मिनिटांवर. मला तीन वर्षं लागली... कारण विचारलं तर सांगण्यासारखं एकही नाही. सर अधूनमधून फोन करायचे. एकदा म्हणाले, “मला घाई नाही रे. डोळ्यांना आहे.” मी म्हणालो, “येत्या रविवारी नक्की येतो सर.”

पाच फोटो छापून नेले तेव्हा सरांनी ते खिडकीकडे धरले, तिरपे केले, नाकाशी नेले. मग माझ्याकडे परत दिले. “उजेड तेवढा कळतो. तू सांग.”

मी सांगायला लागलो. “दगड आहेत सर, मोठे.”

“कसे बसवलेत? मधे चुना आहे?”

मला सांगता येईना. तिथे मी जवळजवळ सगळा वेळ डोंगराकडे पाठ करून उभा होतो.

“बरं, गावाचा फोटो घे. बांध मातीचा की दगडांची रचलेली पौळ?”

“पौळ आहे सर,” मी वरवर बघून म्हणालो.

“केवढी?”

“कमरेएवढी.”

“कमरेएवढी...” सर केवढे खूश झाले. “आणि माणसं?”

“माणूस कुणी नाही सर.”

परवा काकूंना भेटायला गेलो. त्यांनी मी दिलेल्या त्या पाच फोटोंचं पाकीट पुढे ठेवलं. प्रत्येक फोटोचा कोपरा कात्रीनं वेगवेगळा कापलेला. “हात लावून ओळखायचे,” काकू म्हणाल्या. “पेठहून कुणी आलं की काढायचेच. माझ्या विद्यार्थ्यानं स्वतः पाहिलंय म्हणायचे, कमरेएवढी पौळ, उगीच नाय माती टिकत.”

सरांचं भिंग खिडकीतच होतं. गावाचा फोटो मी त्याखाली धरला. पौळ होती. तिच्या वळणापाशी, दगडांच्याच रंगाची, एक म्हातारी उभी होती. पाठीवर गाठोडं. पौळ जेमतेम तिच्या गुडघ्यापर्यंत पोचत होती. आणि ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती.

“काय दिसलं रे?” काकूंनी विचारलं.

 कापलेल्या कोपऱ्यावर माझा अंगठा होता, बरोबर जिथे सरांचा असायचा. मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळलो आणि कुणी बसलं असावं तसा बोलून गेलो, “सर, गुडघ्याएवढीच आहे पौळ... आणि माणूस आहे.”