लिंबोणीतली तीन निळी अंडी

शेजारच्या आबांच्या लिंबोणीत मी एकदा सातभाईंची जोडी त्यांच्याहून थोराड, पट्टेरी शेपटीच्या पिल्लाला भरवताना पाहिली. पिल्लू पावशाचं होतं. पावशीण त्यांच्या घरट्यात अंडं टाकून गेली होती आणि सातभाईंचं स्वतःचं एकही पिल्लू उरलं नव्हतं. ते मला फार लागलं.

आम्ही दौंडच्या रेल्वे क्वार्टरात राहतो. आबा निवृत्त गँगमन. घरट्यात अंडी असली की पिल्लं उडेपर्यंत लिंबोणीला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. माणसाचा हात लागला की पाखरं घरटं टाकतात, असं ते सांगत.

दोन वर्षांपूर्वी पावशा पुन्हा ओरडू लागला. एका दुपारी आबा दवाखान्यात गेल्यावर मी स्टूल लावून वर पाहिलं. तीन अंडी, तिन्ही निळीभोर. दोन जराशी मोठी वाटली, म्हणजे तीच पावशाची असं मी धरलं. घाईघाईत ती उचलली आणि गटारात टाकली.

नेमकं त्या सकाळी आबांच्या सुनेनं पाहुण्यांच्या सरबताला चार लिंबं तोडली होती.

"तूच हात घातला!" संध्याकाळी आबा ओरडले. "दोन अंडी गेली."

"आबा, खालच्या फांदीची तोडली. वर बघितलं बी न्हाई."

"मंग अंड्यांना पाय फुटलं व्हय?"

ती कुंपणाशी आली. "भावजी, तुम्ही तरी सांगा."

"मी झोपलो होतो," मी म्हणालो.

उरलेल्या अंड्यातून पावशाच निघाला. मी सातभाईंचीच अंडी फेकली होती. आबांनी सुनेशी बोलणं सोडलं. एका घरात राहून निरोप मुलाकरवी.

यंदा घरटं दिसताच आबांनी लिंबोणीभोवती बाभळीच्या काट्या रचल्या. सून दारातून बघत होती. कुणासाठी काट्या, ते तिला सांगावं लागलं नाही. मी कुंपण ओलांडून गेलो आणि आबांना सगळं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "सूनबाई, भायेर ये," म्हणाले. मग मला, "आता हिच्याम्होरं बोला. पयल्यापासनं."

बोललो. स्टूल, गटार, झोपेची थाप.

"दोन वर्सं, भावजी," ती म्हणाली. "रोज नळावर भेटत व्हतो की आपण."

ती काट्या उचलून बाजूला टाकू लागली. मी वाकलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुम्ही नका हात लावू."