घोडबंदर रोडवर वाळत घातलेले कंदील

खडवलीच्या आमच्या जागेवर आम्ही कधी अंधार पडेपर्यंत थांबलो नाही. बायकोला मी त्याचं कारण साप सांगत आलो. कधी साप, कधी परतीचा रस्ता, कधी सकाळची मीटिंग. खरं कारण असं की मला अंधाराची भीती वाटते. पन्नाशी उलटलेल्या, सोसायटीच्या सभेत लिफ्टवरून तावातावाने भांडणाऱ्या माणसाने हे लिहावं म्हणजे लाजच आहे. पण लिहितोय.

जागा म्हणजे स्टेशनपासून बरीच आत, माळावरचा एक तुकडा. तारेचं कुंपण, पत्र्याची शेड आणि बायकोने लावलेली आंब्याची कलमं. वीज नाही. खांब येणार येणार म्हणतात. दर खेपेला उन्हं कलली की मी गाडीची किल्ली खुळखुळवायचो आणि ती कलमांकडे मागे वळून बघत गाडीत बसायची. एकदा म्हणाली, "जागा आपली, पण रात्री ती कशी दिसते ते मला माहीतच नाही." ओरडली असती तर बरं झालं असतं. ते वाक्य माझ्या मागेच लागलं.

म्हणून यंदा तिच्या वाढदिवसाला मी जाहीर करून टाकलं, की संध्याकाळचं जेवण तिथेच. उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च आहेच, असंही म्हणून पाहिलं.

"टॉर्च लावून जेवायला आपण काय चोर आहोत?" ती म्हणाली.

मग सौर कंदील घेतले, तीन. डोक्यावर काळी काच, खाली दुधी पोट, वर धरायला कडी. वायरने चार्ज होणारेही दुकानात होते, पण फक्त उन्हावर चालणारेच हवेत असा हट्ट मी धरला. जागेला तेच शोभतील, म्हणे.

दोन दिवस गॅलरीत ठेवले. आमची गॅलरी काळसर काचा लावून बंद केलेली आणि समोर नवा टॉवर उभा. ऊन येतं ते वसुलीवाल्याला टाळणाऱ्या भाडेकरूसारखं, दिसतं न दिसतं तोच पसार. हे मी रोज बघतो. तरी कंदील तिथे मांडताना माझ्या डोक्यात काही म्हणून आलं नाही. निघायच्या दुपारी बटणं दाबली तर तिन्ही कंदील जरासे मिणमिणले आणि विझले. मी गुपचूप पिशवीत भरले.

"झाले ना रे चार्ज?"

"हो हो, फुल."

मागच्या सीटवर सासूबाई होत्या. लेकीच्या वाढदिवसासाठी डोंबिवलीहून मुद्दाम आलेल्या, मांडीवर पिठल्याचा डबा. आम्ही घोडबंदर रोडला लागलो आणि मानपाड्याच्या अलीकडे जे अडकलो ते अडकलोच. पुढे बस, मागे बस, बाजूला टेम्पो. बायको मात्र खुशीत होती. आई, आज तू चांदणं बघशील, भाकरीवर लोणी आहे ना, कलमांना मोहोर आलाय. तिचं एकेक वाक्य मला टोचत होतं. शेवटी राहवेना.

"कंदील चार्ज झालेले नाहीत," मी स्टीअरिंगला सांगितलं.

मी बोलणी खायला मान खाली घातली. ती बॉनेटकडे बघत होती. बॉनेटवर ऊन नुसतं रणरणत होतं.

"बाहेर एवढं ऊन पडलंय," ती म्हणाली, "आणि आपण एसी लावून बसलोय!"

दार उघडून ती उतरलीच. एक कंदील बॉनेटवर वायपरला टेकवून ठेवला. परत येऊन दुसरा खिडकीतून हात काढून टपावर धरला. तिसरा सासूबाईंनी मागच्या खिडकीबाहेर तळहातावर धरला, निरांजन धरावं तसा. बॉनेटवरच्या कंदिलाच्या कडेला चार्जिंगचा लाल ठिपका पेटला. "लागला! लागला!" मी असा ओरडलो की टेम्पोवाला दचकला.

शेजारच्या बसमधून एकाने डोकं बाहेर काढलं. "ओ आजी, पापड घातले का वाळत?"

"हो," सासूबाई म्हणाल्या, "कुरडया उद्या. तू ये राखायला."

अख्खी बस हसली. एक बाइकवाला काचेशी आला. "काका, हेडलाइट गेली काय?" मी त्याला काळ्या काचेचं काम नीट समजावून सांगायला लागलो, तोवर तो फटीतून पार पुढे निघून गेलेला.

आणि मग घात झाला. जॅम सुटला.

"सुटला गं," मी रडवेला होऊन म्हणालो.

"त्या टेम्पोला जाऊ दे पुढे. तू हळू घे रे!"

"काय मेली घाई असते लोकांना," सासूबाई म्हणाल्या.

मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. बॉनेटवरचा कंदील सांभाळत मी वरातीच्या घोड्यासारखी गाडी चालवत होतो. माजिवड्याला पुन्हा सगळं ठप्प झालं, तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे मी वाजवल्या, त्या दोघींचे हात कंदिलांत होते.

खडवलीला पोहोचल्यावर उरलेलं ऊन कंदिलांना शेडच्या पत्र्यावर खाऊ घातलं. अंधारताना बटणं दाबली. पहिला पेटला, जरा पिवळट. दुसराही. तिसऱ्याचा उजेड थेट कुंपणापर्यंत गेला.

"तो माझा," सासूबाई म्हणाल्या. "मी हात हलू दिला नाही."

पिठलं-भाकरी अशी लागली की काय सांगू. इतक्यात कुठून कुठून पाखरं आली आणि थेट पिठल्यात पडायला लागली.

"बंद करा हो जावईबापू, जेवू देत नाहीत मेली."

"हो, कर बंद," बायको उठत म्हणाली. "मला अंधारच तर बघायचाय."

ज्यासाठी सबंध घोडबंदर रोडला हसवलं, ते मीच विझवायचं. पण वाढदिवस तिचा होता. एक, दोन, तीन. मिट्ट काळोख. मी चाचपडत बायकोचा हात शोधला आणि घट्ट धरला. मग वर बघितलं. चांदण्या इतक्या की मला हसूच आलं.

"अरे, इकडून तर अजून दिसतायत!" बायकोचा आवाज लांबून, कलमांपाशी कुठून तरी आला.

मी हाताकडे बघितलं. दिसला नाही.

"माझा आहे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "असू दे. मलाही भीती वाटते."

आम्ही दोघं तोंड दाबून हसायला लागलो, ते आवरेचना.

"काय झालं रे? निघायचंय का तुला?" कलमांकडून आवाज आला. सवयीचा, जरा पडलेला.

"एवढ्यात?" मी म्हणालो. आवाज थोडा कापला, पण म्हणालो. सासूबाईंनी माझा हात दाबला आणि दुसऱ्या हाताने, अंधारातच, डब्यातली उरलेली भाकरी शोधायला लागल्या.