परवान्याची बंदूक

आमच्या सासरी बंदूक होती, आणि ती परवान्याची होती. यातलं दुसरं वाक्य माझे सासरे पहिल्याच्या आधी सांगायचे. मी त्यांना मामंजी म्हणत असे. पहिल्या लढाईत ते पलटणीत होते, बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते, आणि सरकारी कागदावर त्यांचा देवावर नसेल इतका विश्वास होता. गुंजवण्याला राजगडाच्या पायथ्याशी आमची भातखाचरं. भात निसवून लोंब्या आल्या की रानडुकरं उतरायची आणि खाचर नांगरल्यासारखं करून जायची. म्हणून भोर संस्थानाकडून त्यांनी पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढला होता. वर्षातून दोन-चार बार उडायचे, तेही बहुतेक आभाळात.

तेव्हा भोर हे संस्थान होतं. नसरापूर सोडून पुण्याच्या बाजूला गेलं की इंग्रजांचा मुलूख सुरू व्हायचा, त्याला आम्ही खालसा म्हणायचो. मध्ये हद्दीचा दगड आणि नाका. दगडाच्या अलीकडे आमची बंदूक कायदेशीर आणि पलीकडे गुन्हा. पलीकडे न्यायची तर खालशाचा वेगळा दाखला लागायचा. बंदूक रिकामी हवी, नळी आणि दस्ता वेगळा केलेला हवा, दारू-छऱ्याचा डबा निराळा हवा, आणि माल परवानेवाल्याच्या नजरेसमोर हवा. हे सगळं मामंजींना पाठ होतं.

माझी पहिली मुलगी झाली त्या वर्षी बंदुकीच्या घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, सैल पडली. दुरुस्ती पुण्यात व्हायची. मी बाळंतपणासाठी पुण्याजवळ माहेरी होते. मामंजींनी ठरवलं की दुरुस्त झालेली बंदूक आणि सून-नात एकाच खेपेत आणायची. दाखल्यासाठी त्यांनी कचेरीच्या किती फेऱ्या मारल्या ते तेच जाणोत. ते आले तेव्हा काखेत घोंगडीत गुंडाळलेलं लांब बोचकं होतं आणि चेहऱ्यावर समाधान.

सर्व्हिस मोटारीत बसताना ड्रायव्हरनं विचारलं, “आबा, त्यात काय हाय?”

“बंदूक. परवान्याची.”

“मग टपावर टाका.”

“टपावर न्हाई चालायची. नजरेसमूर पायजे.”

त्यांनी बोचकं दोन गुडघ्यांत उभं धरलं. पुढच्या बाकावर काळा कोट घातलेले एक वकील होते. त्यांनी मागे वळून कुतूहलानं कागद मागितले. चष्मा लावून दोन्ही कागद वाचले, घडी घालून परत दिले आणि म्हणाले, “अगदी नियमाला धरून आहे. कुणाला हरकत घ्यायला जागाच नाही.” मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराआड मुलीला पाजत होते, तरी मला कळलं की ते खूश झाले आहेत.

कात्रजचा घाट उतरताना कुणीतरी ओकलं. त्यावर माती टाकली तरी वास गेला नाही. त्या वासातच आम्ही हद्दीच्या नाक्यावर पोचलो.

नाक्यावरचा जमादार सगळ्यांच्या माहितीचा होता. तो पाटी तपासायचा आणि पाटीतली वांगी घ्यायचा. तोंडात कायम तंबाखू. बोलायच्या आधी तो थुंकायचा, आणि नेहमी मोटारीच्या चाकावरच थुंकायचा. बोचक्याकडे बोट दाखवून त्यानं मामंजींना खाली बोलावलं. मामंजींनी उतरून कागद पुढे केले. त्यानं ते उलटे धरले आणि म्हणाला, “जोडून दाखव.”

“हद्दीपातुर जोडायची न्हाई, असं दाखल्यात हाय.”

“म्या सांगतोय न्हवं.”

मामंजींनी घोंगडी रस्त्यावर पसरली, गुडघे टेकले आणि बंदूक जोडली. माझ्या सासऱ्यांना कुणापुढे गुडघे टेकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. जमादारानं बंदूक उचलून खांद्याला लावली. आधी नाक्यामागच्या कोंबड्यांवर नेम धरला. मग ड्रायव्हरवर. ड्रायव्हरनं गमतीनं दोन्ही हात वर केले, आणि मोटारीत हशा पिकला. मग नळी हळूहळू खिडक्यांवरून सरकत आली आणि माझ्यापाशी थांबली. मुलगी मांडीवर होती. नळीचं तोंड मला वाटलं होतं त्याहून मोठं होतं.

“ही कोन?”

“सून हाय माझी. बंदूक खाली करा.” मामंजींचा आवाज चढला नव्हता.

जमादारानं चाप ओढला. खट् असा आवाज झाला. कमान नवीन होती, आवाज चांगला मोठा आला. मुलगी दचकली, पण रडली नाही. तिनं माझं लुगडं ओलं केलं. आणि मोटारीतली माणसं पुन्हा हसली. बाजारच्या बाया हसल्या, ड्रायव्हर हसला, वकील हसले. जमादार पाहतोय, तेव्हा आपण हसलेलं बरं, अशा हिशेबाचं ते हसू होतं. त्या माणसाची मला भीती वाटली होती, ती त्याच दिवशी विरली. पण त्या हसण्याची शिसारी आली ती अजून गेलेली नाही. मोटारीत ओकारीचा वास होताच. मला तो बरा वाटला.

“तपासनीला ठिवतो,” जमादार म्हणाला. “डबाबी ठेव. मागनं येऊन घिऊन जा.”

“कागद बरोबर हायेत.”

“म्हून तर तुला सोडतोय.”

मामंजी खिडकीपाशी आले आणि वकिलांना म्हणाले, “रावसाहेब, तुमी मघाशी वाचलंत. येवढं सांगा यास्नी.”

वकिलांनी कोटाची बाही झटकली. “तपासणीचा त्यांना अधिकार असतो,” ते म्हणाले. “देतील परत. उगीच वाढवू नका.”

मागून एक बाई म्हणाली, “आबा, ठिवा की. बाजार उठंल आमचा.” ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मामंजींनी पावती मागितली. जमादारानं उत्तर म्हणून चाकावर पिचकारी टाकली. मी तान्ह्या पोरीला घेऊन एकटी पुढे जाणार कशी, एवढ्याच कारणानं ते मोटारीत चढले. रिकामी घोंगडी त्यांनी मांडीवर घडी करून ठेवली. नसरापूरपर्यंत कुणी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर ते नाक्यावर जातच राहिले. जमादार गस्तीला गेलाय, कपाटाची किल्ली नाही, वरून हुकूम आला नाही. गुंजवण्याहून नाका म्हणजे शेजारचं घर नव्हे. पहाटे भाकरी बांधून निघायचे आणि तशीच भाकरी घेऊन परत यायचे.

एके दुपारी नाक्यावरचा एक शिपाई न बोलावता दारात आला. त्याच्या एका खांद्यावर आमची बंदूक होती आणि दुसऱ्या हातात पळसाच्या पानांत बांधलेलं काहीतरी. पानांतून लाल पाणी गळत होतं.

“जमादारसायबांनी धाडलंय,” तो म्हणाला. “तुमचा वाटा.”

तो ओट्यावर बसला आणि पाणी पिता पिता मोठ्या आपुलकीनं सांगू लागला. पुण्याचे पाहुणे शिकारीला आले होते. बंदूक अशी चालली की बास. “त्या दिवशी मोटारीतले वकीलसायबबी व्हते. बार त्यांनीच टाकला. भेकराची मादी. कापली तवा पोटात पिल्लू निगालं बगा, येवढं.” त्यानं दोन्ही हात पुढे धरून माप दाखवलं. माझी मुलगी तेव्हा तेवढीच असेल.

मी परड्यात जाऊन ओकले. आम्ही मटण न खाणारी माणसं नव्हे. आमच्या घरात सणावाराला मटण शिजायचं आणि ते कुणाला पुरायचं नाही. सासूबाईंनी ती पानं मामंजींपुढे धरली. त्या म्हणाल्या, “पुरून टाका.” उकिरड्याजवळ पुरलं, तर संध्याकाळी गावातल्या कुत्र्यांनी उकरलं आणि त्या वाट्यातली तंगडी आळीभर ओढत नेली. शेजारणी विचारू लागल्या, कुणाकडची हो ही शिकार. काय सांगायचं?

मामंजी बंदूक धुवायला बसले. दस्त्याला रक्त आणि त्यात चिकटलेले केस वाळले होते. ते त्यांनी नखानं खरवडून काढले. नळीत गरम पाणी ओतलं तेव्हा दुसऱ्या तोंडातून काळी राड आली, सडक्या अंड्यासारख्या वासाची. मी हंड्यांमागून हंडे तापवून देत होते. पाणी स्वच्छ यायला लागलं तरी ते ओततच राहिले. मग त्यांनी तेल लावलं, नळी आणि दस्ता वेगळा केला, घोंगडीत गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी वेल्ह्याच्या कचेरीत घेऊन गेले.

तिथलं बोलणं त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अधिकारी सभ्य होता. त्यानं बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बंदूक परत मिळाली ना? मोडलेली नाही ना? मग तक्रार कशाची लिहून घेऊ?”

“परवाना माझ्या नावाचा हाय,” मामंजी म्हणाले. “जनावर माझ्या नावावर मेलं.”

“असं मनाला लावून घ्यायचं नसतं.”

मामंजींनी बोचकं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि परवाना त्याच्यावर. “मग ही ठिवून घ्या. मला नको.”

“अहो, डुकरं आली म्हणजे?”

“बगू.”

डुकरं आली. सासूबाईंनी त्यांना बोलायचं ते बोलून घेतलं. “त्या मेल्याचा राग आला आन् शिक्षा आमाला?” त्यांचं चुकत नव्हतं. त्या हंगामात आम्ही सगळ्यांनी खाचराकडेच्या उंच माळ्यावर बसून डबे बडवले, आणि निम्मं भात गेलं ते गेलंच. पण राखणीची पहिली पाळी मामंजींनी कुणाला कधी घेऊ दिली नाही. खोकला लागला तरी माळ्यावर तेच आधी जायचे. त्या एका गोष्टीमुळे मी त्यांच्या बाजूची राहिले. घरात कुणी बंदुकीचं नाव काढलं की ते उठून बाहेर जाऊन चूळ भरायचे.

पुढे संस्थानं विलीन झाली. हद्दीच्या दगडाला गुरं अंग घासू लागली आणि नाक्याच्या खोपटात कुणी चुन्याची पोती ठेवली. जमादाराचं कुणी काही वाकडं केलं नाही. तो वरच्या हुद्द्यावर चढला आणि सुखानं निवृत्त झाला.

मुलगी दहाएक वर्षांची असताना तिला घेऊन मी नसरापूरच्या बाजाराला गेले होते. मीठ घेत होते. दुकानाच्या फळीवर एक सुजलेला म्हातारा बसला होता, दम लागलेला. त्यानं मला निरखून पाहिलं.

“गुंजवन्याच्या बंदूकवाल्यांच्या सूनबाई न्हवं तुमी?”

तंबाखूच्या वासावरून मी जमादाराला ओळखलं.

“लई गुनी हत्यार व्हतं,” तो म्हणाला. “आबा बरं हायेत न्हवं?” मग मुलीकडे पाहून हसला. “हीच का ती पोर? तवा रडली न्हाई बगा. म्या घरी जाऊन सांगितलं व्हतं, पोर धिटाची हाय म्हून.”

आपल्यात काही गोड आठवण आहे, असंच त्याला वाटत होतं. त्यानं तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. नखं पिवळी होती. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

“हात लावू नका,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. दुकानदाराकडे वळून तो म्हणाला, “मानसांत मायाच राह्यली न्हाई आता.” दुकानदार त्याच्या बाजूनं हसला. मी मिठाचे पैसे टाकले आणि निघाले. मामंजींना यातलं काही सांगितलं नाही. घरी आल्यावर मी चुलीवर पाणी ठेवलं आणि मुलीला न्हाणीत बसवून तिचं डोकं धुतलं. ती सारखी विचारत होती की त्याचा हात लागलाच नाही, मग कशाला.