जहाजावर राहिलेला वरवंटा

खान्देशचा माणूस आणि पाणबुड्या, हे ऐकलं की मुंबईत लोक आधी हसत आणि मग विचारत, तुमच्याकडे प्यायला तरी पाणी असतं का? मी वरवर हसायचो, पण आतून जाम चिडायचो. अहो, धरणगावकडच्या आमच्या विहिरींत एकदा वाकून बघा म्हणावं, डोळे फिरतील. तळाशी गेलेली बादली, तुटलेला पंपाचा पाइप, एका नव्या नवरीची सोन्याची पोत, काय काय म्हणून मी वर काढलं नाही! बुडी मारायला शिकवलं ते माझ्या मोठ्या काकांनी. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. आबा तरुणपणी, मोठ्या लढाईच्या दिवसांत, इंग्रजांच्या एका लढाऊ जहाजावर स्वयंपाकी होते.

या जहाजाची गोष्ट दर हिवाळ्यात शेतात व्हायची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, आगीत वांगी भाजायला टाकली, की आबा सुरू करत. जहाज जुनं झालं होतं, शत्रू बंदरात शिरेल अशी भीती होती, म्हणून साहेबांनी ते बंदराच्या तोंडाशी आडवं उभं केलं, समुद्राचं पाणी आत घेणारे तळाचे वाल उघडले आणि आपल्याच हाताने बुडवलं. इथवर आलं की कोणीतरी हमखास म्हणे, आबा, आपलंच जहाज कोणी बुडवतं का, तुम्ही वांग्याकडे लक्ष द्या. सगळे खो खो हसत. आबाही हसत आणि वांगं उलटत.

पण एका माणसाचं त्यांना हसण्यावारी नेता येत नसे, ती म्हणजे आमची काकू. तिला सगळे अक्का म्हणत. अक्काचं दुखणं जहाजाचं नव्हतंच मुळी, वरवंट्याचं होतं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि आबा जहाजावर निघाले, तेव्हा घरचा वरवंटा त्यांनी पिशवीत घातला. का? तर जहाजावरच्या दगडाने मिरची नीट वाटली जात नाही, अशी त्यांची तक्रार. पाटा घरी आणि वरवंटा समुद्रावर! आबा परत आले ते हात हलवत. जहाज बुडालं, त्यात वरवंटा राहिला, असं ते सांगत. पाणी चढत होतं, खलाशी सकाळपासून उपाशी होते, शिजलेल्या डाळीचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि जिना चढलो, तिसरा हात कुठून आणू?

अक्काला यातलं अक्षर पटत नव्हतं. तिचं ठाम मत होतं की मुंबईत कोणी तरी बाई होती, आणि वरवंटा तिच्या पाट्यावर नांदतो आहे. हे ती चारचौघांत हसत हसत म्हणे, पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचत नसे. चारही पोरांच्या बारशाला तिला शेजारणीचा वरवंटा मागून आणावा लागला होता. आमच्याकडे बारशाला बाळाआधी वरवंट्याला नटवतात. त्याला टोपडं घालायचं, काजळ लावायचं, मग बायका तो पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देतात. तो उसना आणायचा म्हणजे बाईला केवढं लागत असेल! बाजारातून नवा आणला होता, पण जुन्या पाट्यावर तो डुगडुगायचा, आणि नटवायला तर तिने तो कधीच हातात घेतला नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. मुंबईतल्या आमच्या पाणबुड्यांच्या कंपनीला एका बंदराचं काम मिळालं. मोठी जहाजं आत यायची तर वाटेतला जुना सांगाडा काढायला हवा, आणि तो कसा काढायचा हे आधी आम्ही खाली उतरून बघायचं. दिवाळीला घरी गेलो तेव्हा सहज म्हणून बंदराचं आणि जहाजाचं नाव सांगितलं. आबांच्या हातातली चकली तशीच राहिली. ते त्यांचंच जहाज होतं! आता हे तासभर जहाजाबद्दल विचारणार, असं मला वाटलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, अक्का आत आहे याची खात्री करून घेतली, आणि भटारखाना कुठे होता एवढंच समजावलं. मागच्या धुराड्याच्या खाली, डाव्या हाताला, चुलीच्या शेजारी लोखंडी कप्पा.

"बघशील का?" ते म्हणाले. "मरायच्या आधी एकदा तिला दाखवायचा शे."

या माणसाने माझी पाण्याची भीती घालवली होती, आणि आता तोच माझ्यापुढे लहान पोरासारखं तोंड करून बसला होता.

समुद्राचं पाणी म्हणजे आमच्या विहिरीसारखं नितळ नसतं हो. चहाच्या गाळासारखा रंग, स्वतःचा हात दिसायची मारामार. अंगात रबरी पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, वर होडीतून येणारी हवेची नळी आणि तिच्याबरोबर फोनची तार. तारेच्या वरच्या टोकाला आमचा मालवणी मुकादम. हातोडीने पत्रे ठोकायचे, कुठे कुजलेत ते वर सांगायचं, असं ते काम. पहिल्याच दिवशी मी इंजिनाच्या खोलीच्या तळाशी गेलो. वालांची चाकं चाचपली. सगळे वाल सताड उघडे होते! कुठे गोळा लागल्याचं भोक नाही, फाटलेला पत्रा नाही. म्हटलं, आबा, अर्धा खटला जिंकलात.

भटारखान्यात जायला मला काम काढावं लागलं नाही, तिकडचेही पत्रे ठोकायचेच होते. मांडीपर्यंत गाळ. चूल सापडली, कप्पा सापडला, त्याचं दार गळून पडलेलं. मी खांद्यापर्यंत हात घातला. ताटली, बाटली, पुन्हा ताटली, आणि मग लांबट, गोल, जड असं काहीतरी. वर कालवांचे थर बसलेले, पण दोन्ही हातांनी धरल्याबरोबर हात आपोआप पुढे-मागे वाटायला लागले. मला इतकं हसू फुटलं की शिरस्त्राणाची काच धुरकटली. वरून मुकादम घाबरून विचारतोय, बरा आहेस ना, वर ओढू का? मी म्हटलं, "वरवंटा सापडला!" त्यावर त्याने आधी हवेची नळी तपासायला लावली.

बंदराच्या साहेबाला नियमाप्रमाणे दाखवला. त्याने दगड म्हणून शेरा मारला आणि घेऊन जा म्हणाला. दगड म्हणे! मी कालवं खरवडली, धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि जळगावची गाडी पकडली.

मुद्दाम दिवस साधला होता. आबांची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बारसं होतं. धुळ्याहून व्याही मंडळी येऊन बसली होती. शेजारणीचा वरवंटा पाटावर मांडून ठेवलेला. मी सगळ्यांदेखत फडकं सोडलं आणि वालांपासून कप्प्यापर्यंत सगळं सांगितलं. आबा माझ्याकडे बघतच नव्हते, अक्काकडे बघत होते.

अक्काने मला सरळ सुनावलं. काकाच्या बाजूने बोलणारच तू, समुद्रात दगडांना काय तोटा! व्याही खाली बघून मिशीत हसले. आबांचा चेहरा एवढासा झाला, आणि मला वाटलं, झक मारली आणि सगळ्यांसमोर काढला.

पण अक्का उठली. वरवंटा उचलून मागच्या दारी गेली, तिथे तो जुना पाटा होता. आम्ही सगळे मागोमाग. तिने दोन लाल मिरच्या, लसूण आणि मिठाचे खडे टाकले, वरवंटा ठेवला आणि पहिला हात ओढला. डुगडुग नाही, खडखड नाही. पाट्याच्या मधल्या खळग्यात तो वरवंटा मुकाट बसला. दुसरा हात, तिसरा हात. नवी नवरी असताना त्याच वरवंट्याने तिने वर्षभर वाटलं होतं, तिच्या मनगटांना कोणी सांगायला नको होतं. ती थांबली.

"हाऊच शे," ती म्हणाली. हाच आहे.

आबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. आता ही काय बोलणार, म्हणून आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. माफी मागणाऱ्यांतली ती बाई नव्हती. तिने वरवंटा स्वच्छ धुतला, पदराने पुसला, टोपडं घातलं, काजळ लावलं, आणि पाळण्याकडे न जाता आधी नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. बाप्या माणसांचं बारशात काम नसतं, तरी तिने ते नटवलेलं ध्यान त्यांच्या हातात दिलं.

"इतकं पाणी चढत होतं," ती अगदी रागाने म्हणाली, "तर डाळ कशाला उचलली हो? आधी याला नाही का उचलायचं?"