बकुळाने न दिलेलं उत्तर

धारच्या शिंपी आळीतली बकुळा ख्रिस्ती झाली ती कुणाचं प्रवचन ऐकून नव्हे. संवत १९५६च्या, म्हणजे छप्पनच्या दुष्काळात तिचा नवरा पटकीने गेला आणि मागोमाग तीही तापाने फणफणली. घरात सगळेच अर्धपोटी. तिला आणि तिच्या तान्ह्या लेकीला, मालनला, मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथल्या मडमेने तिला स्वतःच्या हाताने पेज भरवली. बरी होऊन ती घरी आली, तर थोरली नणंद पार्वती दारातच उभी. मिशनचं अन्न खाल्लेल्या बाईला चुलीपाशी घेता येणार नाही, एवढंच ती म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं. बकुळा आल्या पावली परत फिरली. पुढल्या वर्षी तिने बाप्तिस्मा घेतला.

मिशनने तिला वाचायला शिकवलं आणि काम दिलं. घरोघरच्या अंगणांत बसून बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या माळवीत. देव चांगला आहे, तो कुणाला टाकत नाही, हे ती अगदी मनापासून सांगे, कारण तिला स्वतःला तसा अनुभव आलेला. तरी गावात ती कुणाचीच नव्हती. आळीतल्या बायका ती दिसली की पदर सावरून पलीकडून जात. मिशनमधली मंडळी बहुतेक नगरकडची, नाहीतर अनाथाश्रमातली भिल्ल पोरं. घरचं असं माणूस एकच, मालन. प्रार्थनेच्या वेळी ती एक डोळा उघडा ठेवी, आणि कुणाकुणाचे डोळे उघडे होते ते नंतर आईला सांगे.

मालन पाचेक वर्षांची झाली आणि गावात प्लेग आला. मालनच्या काखेत गाठ उठली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं.

मिशनचे उपदेशक तुकाराम मास्तर भेटायला आले. त्यांचीही दोन मुलं पूर्वी गेलेली, त्यामुळे ते वरवरचं बोलत नव्हते. देव करतो ते बऱ्यासाठीच, तुला अधिक जवळ घ्यायला त्याने हे दुःख दिलं असेल, असं त्यांनी तिला समजावलं.

बकुळाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मास्तर, मला जवळ घ्यायला पोरीचा जीव कशाला हवा होता? मी लांब होते कुठे?”

देवाची योजना माणसाला समजत नाही, असं मास्तर शेवटी म्हणाले आणि डोळे पुसून उठले.

त्यानंतर बकुळा अंगणात गोष्ट सांगायला बसे खरी. पण देव चांगला आहे, या वाक्यापाशी आली की गोष्ट अर्धी टाकून उठे. शेवटी तिने मडमेला विनवून गावाबाहेरच्या प्लेगच्या झोपड्यांत काम मागून घेतलं. तिथे कुणाला काही सांगायचं नव्हतं, पाणी पाजायचं आणि गाठी शेकायच्या.

एके दिवशी गाडीतून पार्वतीला आणलं. तिचा तरणाताठा मुलगा माधव प्लेगने गेला होता आणि घरचे तिला सोडून शेतावर पळाले होते. पार्वतीने बकुळाला ओळखलं आणि तिच्या हातचं पाणी नाकारलं. दुपार कलली तेव्हा मात्र तहानेपुढे तिचा निरुपाय झाला. पाणी पिऊन ती म्हणाली, “तू कुळदेव सोडलास, म्हणून मालन गेली. आळीत सगळे हेच म्हणतात.”

बकुळा तिच्या गाठीवरचं पोटीस बदलत राहिली.

सकाळी ताप थोडा उतरला. पार्वती छपराकडे बघत पडली होती. “बकुळे,” ती म्हणाली, “मी तर देव सोडला नव्हता. मग माझा माधव का गेला?”

बकुळाच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. दार लोटलं होतं तेही आलं. मास्तरांचं उत्तर तर तोंडपाठच होतं. पण आपल्याला जे टोचलं ते दुसऱ्याला टोचायला तिचं मन धजेना.

“वन्सं, तुम्ही काही केलं नाही,” ती म्हणाली. “मालननेही काही केलं नव्हतं.”

“मग तुझा देव करतो तरी काय?”

“मला ठाऊक नाही. मी रोज विचारते. क्रुसावर येशूनेही विचारलं होतं, मला का टाकलंस म्हणून. त्यालाही तेव्हा कुणी उत्तर दिलं नाही.”

पार्वतीने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पार्वती बरी होऊन घरी गेली. पुढे बाजारात शेजारणींबरोबर दिसली तेव्हा तिने मान वळवली. बकुळाने ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं, तरी कितीतरी दिवस ती आळीच्या वाटेकडे बघत होती. कुणी आलं नाही.

प्लेग ओसरल्यावर मास्तरांनी तिला पुन्हा अंगणांत जायला सांगितलं. ती म्हणाली, जाईन, पण देव करतो ते सगळं बऱ्यासाठी, हे मला सांगता येणार नाही. मित्राच्या कबरीपाशी येशू रडला, तेवढं सांगेन. मास्तरांना ते पुरेसं वाटलं नाही. तरी ते म्हणाले, “तेवढं सांग.”

पुढे मिशनने तिला मनावर नावाच्या गावी पाठवलं. तिथे एका खोलीत ती एकटीच म्हातारी झाली. रोज पहाटे प्रार्थनेला बसली की आधी मालनचं नाव घेई, मग आपला प्रश्न विचारी, थोडा वेळ थांबे, आणि उठून चूल पेटवी.