पहिल्या फर्म्यातली ओळ

शाळा चौथीपर्यंत, पण बोलायला लागला की पंडितानं कान धरावेत, असा तो बाइंडरमास्तर. ही विद्या आली कुठून? तर खळीच्या वाटीतून! छापखान्यातून पुस्तकांचे सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे घरी घडीला येत. लग्नापासूनची वाटणी ठरलेली: पुढचे फर्मे बायकोचे, मागचे त्याचे. हात घडी घालत, डोळे वाचत. त्यामुळे कुठल्याही कादंबरीतला खुनी त्याला ठाऊक, पण मेला कोण, ते बायकोला विचारावं लागे.

एकदा दर्शनशास्त्राचा जाडजूड ग्रंथ आला. मागच्या फर्म्यांत ध्यानाचा विधी. सत्य ऐकून कळत नाही, वाद घालून कळत नाही, स्थिर बसलं की दिसतं. आवाज येतील, ते मनाच्या लाटा समजून जाऊ द्यावेत. मास्तरनं ते जे धरलं! रोज सकाळी मागच्या खोलीत, आतून कडी.

शेजारचा शिंपी विचारी, "काय मास्तर, भेटलं का ब्रह्म?"

"भेटलं ना. गिऱ्हाइकांचं उरलेलं कापड तू कुठं नेतोस, विचारत होतं."

बायको म्हणाली, "अहो, माझ्या फर्म्यात बसण्याआधीचं काही लिहिलंय. सांगू?"

"तुझे फर्मे म्हणजे जिना. मी माडीवर पोचलोय!"

ती हसली आणि पुढची घडी घालू लागली.

पुढं एका सकाळी हाक आली, "अहो..." मग दारावर थाप. एक, दोन, तीन. मास्तरनं लाट जाऊ दिली. वर, मन ढळलं नाही म्हणून सुखावलासुद्धा. तासाभरानं कडी काढली, तर उंबऱ्याशी बायको आडवी. अर्धं अंग गेलं, वाचा गेली.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायचं होतं."

मेव्हणा भडकला, तेव्हा शिंप्यानंच समजूत घातली, "समाधीत होते हो ते. ऐकू कसं येणार?" मास्तरनं मान खाली घातली. तेच घरात रूढ झालं.

महिन्यानं त्याच ग्रंथाच्या उरलेल्या प्रतींचा गठ्ठा आला. आता दोन्ही वाटण्या त्याच्याच. पहिल्याच फर्म्यात ओळ होती: 'घरच्याची हाक आली तर आधी उठावं. सत्य कुठं पळून जात नाही.'

फर्मा घेऊन तो खाटेशी गेला. "हेच सांगणार होतीस?"

तिनं पापण्या मिटून हो म्हटलं. चांगला हात त्याच्या हातावर ठेवला. तिचाही विश्वास समाधीवरच होता ना!

मास्तर म्हणाला, "अगं, मला ऐकू आलं होतं. तिन्ही वेळा."

हात तिथंच राहिला थोडा वेळ. मग तिनं तो काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.