सोनीच्या पाण्याची वही

मी जमवायला गेलो पाण्याची रीडिंग, आणि साठले किस्से! वहीत तारीख, अमोनिया, नायट्राइट, तापमान असे रकाने मीच पट्टीने आखले होते. शेवटचा 'शेरा' मुद्दाम अरुंद ठेवला. शेऱ्याला फार जागा देऊ नये, असं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. आता तोच रकाना भरून मागच्या पानांवर गेला आहे. हे सगळं सांगावं की नाही, याची मला खात्री नाही. पण सांगतो.

*

यवतमाळात आम्हा निवृत्त लोकांचं एक छोटं वाचनालय आहे. आम्ही चौघं सकाळी तिथे पेपर वाचतो. त्यातले राठोड एसटीत ड्रायव्हर होते. बायको गेल्यावर तिची फिशटँक ते वाचनालयात घेऊन आले. आत एकच गोल्डफिश उरली होती, सोनी. पेरणीला राठोड पांढरकवड्याकडे आपल्या बंजारा तांड्यावर जातात, तेव्हा घरी तिच्याकडे पाहायला कोणी नसतं.

दुसरे गावंडेभाऊ. नेरकडे त्यांची कापसाची शेती. "एकटी हाये बिचारी," म्हणाले, आणि एप्रिलमधल्या एका दुपारी सहा नवे मासे आणून सरळ टाकीत सोडले.

मी घाबरलो. एकदम सहा मासे म्हणजे घाण वाढणार, तिचा अमोनिया होणार, तो कल्ले जाळणार. निदान महिनाभर तरी रोज पाणी तपासावं लागेल, असं मी पंधरा मिनिटं समजावलं.

"मंग तपासा," गावंडे म्हणाले. "तुमची पीएचडी पाण्याचीच हाये ना?"

"विहिरीच्या पाण्याची. त्यात मासे नव्हते."

"आता हायेत!"

निघताना राठोडांनी मला दारात गाठलं. "सर, ते सहा राह्यले काय, गेले काय. सोनी तेवढी पाहजा. माह्या बाईच्या हातची हाये."

त्या दिवसापासून मला जेवण नीट गेलं नाही.

*

अमोनिया तपासायचा म्हणजे नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर धोका. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला ते पिवळंच दिसलं. मग शंका आली, की मला सगळंच पिवळं दिसतं.

मी नळी सगळ्यांकडे फिरवली. राठोड म्हणाले पिवळं, गावंडे म्हणाले हिरवं. चौथे आमचे शामराव. चाळीस वर्षं साडीचं दुकान चालवलेलं. त्यांनी नळी उन्हात धरली, पुन्हा सावलीत धरली.

"पिवळा नाई अन् हिरवाबी नाई. हा कच्चा लिंबू हाये. याच्यापुढं पोपटी, अन् मंग तोता, गर्द हिरवा."

माझ्या वहीत अमोनियाच्या रकान्यात पुढचे तीन आठवडे 'कच्चा लिंबू', 'पोपटी', 'तोता' असंच आहे. शास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर नाही. पण शामराव एकदाही चुकले नाहीत.

*

दुसऱ्याच आठवड्यात रंग तोता झाला. मी औषधाच्या बाटलीवर संशय घेतला. मग थेंब मोजण्यावर. मग माझ्या प्रबंधावर.

शेवटी एका सकाळी लवकर जाऊन कोपऱ्यात बसलो. राठोड आले, चिमूटभर दाणे टाकले. शामराव आले, चिमूटभर टाकले. गावंडे आले, त्यांची चिमूट कापूस वेचणाऱ्या हाताची!

"भाऊ, आत्ताच दोघांनी घातलं."

"त्याईनं घातलं ना? मी आलो अन् इचारलं नाई, तर मासोया काय म्हनतीन?"

मी टाकीवर कागद चिकटवला : 'चिमूटभर. दिवसातून एकदा.'

*

पाणी सुधारावं म्हणून दर दोन दिवसांनी तिसरा हिस्सा बदलायचं ठरलं. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, त्यामुळे काढलेलं पाणी फेकून देणं कोणाच्याच जिवावर येईना. गावंडे ते डब्यांत भरून घरच्या वांग्यांना नेऊ लागले. वांगी अशी लागली की आम्हा चौघांच्या घरी भरीत झालं.

हळूहळू अमोनिया उतरला. मी आनंदाने जाहीर केलं.

गावंड्यांचा चेहरा पडला. "पोपटीबी नाई का सर? मंग वांग्याईचं कसं?"

*

मे महिन्यात टाकीचं पाणी तापलं. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, एवढंच मी बोललो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कूलरचं तोंड टाकीकडे! आम्ही चौघं पेपरने वारा घेत बसलो.

बारा वाजता शामरावांनी शर्टाची वरची बटणं काढली. "सर, मासोयांचं भागलं. आता आमचा ऑक्सिजन मोजून राह्यले का तुमी?"

*

जूनमध्ये राठोड पेरणीला तांड्यावर गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सोनी वर येत नाही. दाणे पडले की सहा नवे तुटून पडायचे. ती तळाशी, कोपऱ्यात.

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. तापमान ठीक. तरीही पाणी बदललं. बाटल्या नव्या आणल्या. पुन्हा शून्य. शामराव नळी घेऊन अंगणात जाऊन आले. "लिंबू. पिकला लिंबू." मोजता येतं ते सगळं बरोबर होतं. म्हणजे चूक मोजणाऱ्याचीच असणार, असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी फोन केला. धीर होईना, म्हणून आधी पावसाचं विचारलं. मग म्हणालो, "राठोड, पाण्यात काही नाही. तरी सोनी खात नाही. बहुधा माझंच काहीतरी चुकतंय."

राठोडांनी एवढंच सांगितलं :

"सर, फोन काचेले लावा."

स्पीकर सुरू करून लावला. राठोड त्यांच्या तांड्यावरच्या गोरबोलीत बोलू लागले, सावकाश. मला एक शब्द कळत नव्हता. गावंड्यांनी पेपर खाली ठेवला. सोनी कोपऱ्यातून निघाली, काचेपाशी आली, थांबली, मग वर गेली. शामरावांनी दाणे टाकले. तिने खाल्ले.

"काय सांगितलंत तिला?"

"काई नाई सर. बाईले सांगायचो तेच. कोनत्या वावरात काय पेरलं, ते."

मी वही उघडली. तारीख घातली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. शेऱ्यात लिहिलं : 'राठोड, दोन मिनिटे. दिवसातून एकदा.'